चेन पडली तर थांबायचं का?

आधी एक कबुली देते, मग मुद्द्यावर येते.

मी आठवीत गेले तेव्हा मला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. गावात हायस्कूल नाही म्हणून मुलींची शाळा सुटू नये, यासाठीची ही योजना. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी जणींनी ती सायकल चालवली असेल. आमच्या गावापासून शाळा चार किलोमीटर. सकाळी सात-आठ जणी एका ओळीत निघायचो. पावसाळ्याच्या तोंडाला समोरून असा वारा यायचा की पायडल मारून मारून मांड्या भरून यायच्या. मग जी दमाची ती पुढं आणि बाकीच्या तिच्या मागं. कुणाची चेन पडली की मागून आरोळी यायची, "थांबा गं, चेन पडली!" की सगळ्या थांबायच्या. हात काळे करून चेन बसवायची, दप्तर कॅरिअरला नीट लावायचं आणि मगच ओळ पुढं सरकायची. हे कुणी शिकवलं नव्हतं, कुठं लिहिलेलंही नव्हतं.

दहावीत असताना २६ जानेवारीला गावात मुलींची सायकल शर्यत ठेवली होती. फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिलं बक्षीस स्टीलचा डबा. परतीच्या वाटेवर आम्ही दोघीच पुढं होतो. रोज सकाळी जी वारा अंगावर घ्यायची ती मैत्रीण पुढं, आणि मी तिच्या मागच्या चाकाला चिकटून. गाव दिसायला लागलं आणि तिची चेन पडली. मी एकदा वळून पाहिलं आणि पायडल मारत राहिले. डबा मला मिळाला. आई अजूनही त्यात बेसन ठेवते.

आता तुम्ही सांगा, मी चुकले का? शर्यत ही शर्यत असते. तिची चेन मी पाडली नव्हती. थांबायचंच, असं नियमात कुठंही नव्हतं. तरीही तो डबा बघितला की मला काहीतरी होतं.

हा प्रश्न माझ्या एकटीचा असता तर या पानाची जागा अडवली नसती. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीत नेमकं हेच घडलंय, आणि त्यावर लोक आजही भांडतात.

एक चेन, ३९ सेकंद

तारीख १९ जुलै २०१०. टूर द फ्रान्सचा १५वा टप्पा. पिरेनीज डोंगरातला पोर्त द बालेस हा घाट. लक्झेंबर्गचा अँडी श्लेक अंगात पिवळी जर्सी घालून चाललाय. पिवळी जर्सी म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत जो पहिला, त्याची खूण. दुसऱ्या नंबरवर स्पेनचा अल्बर्टो कोन्टाडोर, फक्त ३१ सेकंदांनी मागं. श्लेकनं जोर लावला, आणि ऐन चढावर त्याची चेन पडली. तो उतरून चेन बसवतोय तोवर कोन्टाडोर शेजारून निघून गेला. त्या दिवशी श्लेकचे ३९ सेकंद गेले आणि पिवळी जर्सीही गेली. कोन्टाडोर ८ सेकंदांनी पुढं झाला.

संध्याकाळी कोन्टाडोरला जर्सी देताना प्रेक्षकांतून शिट्ट्या आणि हुर्यो झाली. त्यानं कुठलाच नियम मोडला नव्हता. पंचांनी त्याला काही दंड केला नाही. पण रात्री त्यानं स्वतःचा व्हिडिओ टाकून माफी मागितली. आता खरी गंमत पाहा. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा दोघांमधलं अंतर बरोबर ३९ सेकंदच होतं. मीडियानं या प्रकरणाला 'चेनगेट' असं नावच देऊन टाकलं.

तुम्ही म्हणाल, नियम मोडला नाही तर माफी कशाची? तिथंच आपला विषय सुरू होतो. रोड सायकलिंगमध्ये नियमांची दोन पुस्तकं आहेत. एक छापलेलं, यूसीआय म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचं. दुसरं कुणी छापलेलं नाही, पण सगळ्या रायडर्सना ते पाठ असतं.

न छापलेल्या पुस्तकात काय आहे?

मुख्य कलमं साधारण अशी आहेत.

पिवळ्या जर्सीवाला पडला, पंक्चर झाला, सायकल बिघडली, तर त्या क्षणाचा फायदा घेऊन पळायचं नाही.

चार-पाच तासांच्या टप्प्यात कुणाला लघुशंकेला थांबावं लागतं. पुढारी त्यासाठी थांबला तर तेवढ्या वेळात हल्ला करायचा नाही. हसू नका, यावरून मोठमोठी भांडणं झालीत.

खाण्याच्या पिशव्या हातात देतात त्या पट्ट्यात वेग वाढवायचा नाही. घास सगळ्यांनाच लागतो.

खड्डा, दुभाजक, उभी गाडी दिसली की हात करून मागच्यांना दाखवायचं.

काही जण मिळून घोळक्याच्या पुढं निसटले, तर पुढं राहून वारा खाण्याची पाळी प्रत्येकानं घ्यायची. सगळा रस्ता दुसऱ्याच्या पाठीमागं लपायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पुढं येऊन जिंकायचं, हे चालतं, पण लोक लक्षात ठेवतात.

शर्यत एखाद्याच्या गावातून जात असेल, तर त्याला दोन मिनिटं पुढं जाऊ द्यायचं. आईवडिलांना भेटू दे, मग ये बाबा परत घोळक्यात.

हे वाचताना वाटेल की हे काय साधुसंतांचं संमेलन आहे का? अजिबात नाही. यामागं रोकडा हिशोब आहे, आणि तो हिशोब वाऱ्याचा आहे.

सगळा खेळ वाऱ्याचा

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं सायकल चालवली, तर तुमची बहुतेक ताकद फक्त हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चाललं तर साधारण एक तृतीयांश ताकद वाचते. घोळक्याच्या पोटात शिरलं तर त्याहून जास्त. या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. म्हणून इथं ज्याला हरवायचंय, त्याचीच मदत घेत शंभर-दीडशे किलोमीटर जावं लागतं. क्रिकेटमध्ये बॉलर बॅट्समनला पाणी पाजत नाही. सायकलिंगमध्ये प्रतिस्पर्धी रोज तुमच्यासाठी वारा अडवतो.

आणि हे एक दिवसाचं नाही. टूर द फ्रान्स म्हणजे तीन आठवड्यांत २१ टप्पे. आज तुम्ही कुणाच्या पंक्चरचा फायदा घेतलात, तर उद्या तुमचं पंक्चर झाल्यावर दीडशे जण ते लक्षात ठेवून बसलेले असतात. आपल्याकडं सोंगणीच्या दिवसांत सावड करतात ना? आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. त्याचाही कागद कुणी करत नाही. पण जो आपलं काम झाल्यावर फिरकत नाही, त्याच्या शेतात पुढच्या वर्षी कोण येतं? तसंच आहे हे.

म्हणूनच एक दिवसाच्या शर्यतीत ही कलमं बरीच ढिली होतात. पॅरिस-रुबेसारख्या दगडी रस्त्यांच्या शर्यतीत पंक्चर झालं तर कुणी थांबत नाही. तिथं पंक्चर हाही परीक्षेचाच भाग मानतात. शिवाय सगळ्यात वादाचं कलम असं की शर्यत आधीच 'पेटलेली' असेल तर थांबायची गरज नाही. आता शर्यत पेटली होती की नव्हती, हे ठरवायचं कुणी? कोन्टाडोरच्या बाजूचे लोक आजही हेच सांगतात की श्लेकनं स्वतःच जोर लावला होता, शर्यत पेटलेलीच होती.

२०१७च्या जिरो द'इटालियात हा घोळ फार मजेशीर झाला. शर्यतीत सगळ्यात पुढं असलेल्या हॉलंडच्या टॉम ड्युमूलिनचं १६व्या टप्प्यात पोट बिघडलं. शेवटच्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि कपडे उतरवून मोकळा झाला. टीव्हीवर सगळ्या जगानं ते पाहिलं. पुढचे प्रतिस्पर्धी थोडा वेळ रेंगाळले, मग निघून गेले. त्याचे दोन मिनिटांहून जास्त गेले. लोक पुन्हा दोन गटांत. एक गट म्हणे, थांबायला हवं होतं. दुसरा म्हणे, पोट बिघडणं हाही खेळाचाच भाग. ड्युमूलिननं शेवटी ती स्पर्धा ३१ सेकंदांनी जिंकली, म्हणून वाद थंडावला. हरला असता तर?

थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे

इथं एक गैरसमज दूर करू. थांबणारा माणूस मऊ असतो, त्याला जिंकायचं नसतं, असं आपल्याला वाटतं. २१ जुलै २०२२चा दिवस पाहा. टूरचा १८वा टप्पा. पिवळ्या जर्सीत डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड, मागं सव्वादोन मिनिटांवर स्लोव्हेनियाचा ताडेय पोगाचार. घाट उतरताना पोगाचार विंगेगार्डला गाठण्यासाठी जीव तोडून चाललेला, आणि एका वळणावर खडीत घसरून पडला. मांडी खरचटली, कपडे फाटले.

विंगेगार्डनं वेग कमी केला. मागं पाहत राहिला. पोगाचार जवळ आल्यावर दोघांनी चालत्या सायकलवर हात मिळवला. आणि त्यानंतरच्या शेवटच्या चढावर याच विंगेगार्डनं त्याला मागं टाकलं, टप्पा जिंकला आणि तीन दिवसांनी टूरही जिंकली.

म्हणजे थांबून तो हरला नाही. त्यानं एवढंच ठरवलं की मला तुला चढावर हरवायचंय, खडीच्या मदतीनं नाही. तीन वर्षांनी, २०२५च्या टूरमध्ये, पोगाचार तुलूजच्या टप्प्यात शेवटचे चार-पाच किलोमीटर उरले असताना पुन्हा पडला. तेव्हा विंगेगार्डसकट पुढच्या गटानं वेग कमी केला आणि तो त्यांना येऊन मिळाला. एका दिवसाची परतफेड आयुष्यभर चालते ती अशी.

२०१२च्या टूरमध्ये तर कुणीतरी घाटात रस्त्यावर टाचण्या फेकल्या. सुमारे तीस सायकली पंक्चर झाल्या. आदल्या वर्षीचा विजेता कॅडेल इव्हान्स चाक घेऊन रस्त्याकडेला उभा. पिवळ्या जर्सीतल्या ब्रॅडली विगिन्सनं आणि त्याच्या संघानं अख्खा घोळका हळू केला. कुणी पंचानं सांगितलं नव्हतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, वा, किती भारी खेळ! मलाही असंच वाटलं होतं. मग मी थोडं अजून वाचलं.

त्याच पुस्तकातलं काळं पान

२००१मध्ये लान्स आर्मस्ट्राँगचा कट्टर प्रतिस्पर्धी, जर्मनीचा यान उलरिच घाट उतरताना रस्त्याबाहेर फेकला गेला. आर्मस्ट्राँग त्याच्यासाठी थांबला. दोन वर्षांनी, २००३मध्ये, एका प्रेक्षकाच्या हातातल्या पिशवीत हँडल अडकून आर्मस्ट्राँग आपटला, तेव्हा उलरिच आणि बाकीचे हळू झाले. त्या वेळी दोघांत फक्त १५ सेकंदांचा फरक होता. खिलाडूवृत्तीच्या गोष्टींमध्ये हे प्रसंग वर्षानुवर्षं सांगितले गेले.

आणि हाच आर्मस्ट्राँग उत्तेजक द्रव्यं घेत होता. २०१२मध्ये त्याची सातही टूर विजेतेपदं काढून घेतली गेली. उलरिचनंही पुढं आपण उत्तेजकं घेतल्याचं कबूल केलं. आपला कोन्टाडोर? त्याचं २०१०चं विजेतेपद उत्तेजक चाचणीमुळं २०१२मध्ये रद्द झालं आणि ते श्लेकला मिळालं. चेनचा निकाल शेवटी लॅबमध्ये लागला, म्हणा ना.

पण खरी हादरवणारी गोष्ट पुढं आहे. न छापलेल्या पुस्तकात एक कलम असंही होतं की घोळक्यातलं बाहेर बोलायचं नाही. १९९९च्या टूरमध्ये फ्रान्सचा क्रिस्तोफ बासोंस वर्तमानपत्रात उत्तेजकांविषयी उघड लिहायचा. सोबतचे रायडर्स त्याच्याशी बोलेनासे झाले. आर्मस्ट्राँगनं त्याला चालत्या शर्यतीत सुनावलं. शेवटी तो ती शर्यत अर्धवट सोडून घरी गेला. २००४मध्ये इटलीचा फिलिपो सिमिओनी घोळक्याच्या पुढं निसटला. सिमिओनीनं आर्मस्ट्राँगशी संबंध असलेल्या डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती. पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग स्वतः त्याचा पाठलाग करत गेला. सिमिओनीपासून त्याला काडीचा धोका नव्हता, तरीही. सिमिओनीला मुकाट्यानं परत घोळक्यात यावं लागलं. आर्मस्ट्राँगनं कॅमेऱ्याकडं पाहून ओठांवर चेन ओढल्याची खूण केली.

म्हणजे ज्या घोळक्यात पडलेल्यासाठी थांबण्याचा नियम चालत होता, त्याच घोळक्यात खरं बोलणाऱ्याला चिरडण्याचाही नियम चालत होता. दोन्ही अलिखित. दोन्हीला 'आपली परंपरा' म्हणत होते.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर पटकन लक्षात येत नाही. घोळका कुणासाठी थांबतो? पिवळ्या जर्सीसाठी. नामांकित पुढाऱ्यासाठी. प्रत्येक संघात कॅप्टनसाठी राबणारे रायडर्स असतात. त्यांना 'डोमेस्टिक' म्हणतात, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सरळ नोकर. ते कॅप्टनसाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, दिवसभर वारा अंगावर घेतात, कॅप्टनचं पंक्चर झालं तर आपलं चाक काढून देतात. त्यांच्यातला एखादा पडला तर? कुणी थांबत नाही. तो उठतो आणि टप्प्यासाठी ठरलेल्या वेळेच्या आत पोचण्यासाठी एकटा धडपडतो. नाही पोचला तर घरी.

मग सगळं लिहूनच टाकायचं का?

काही गोष्टी लिहाव्याच लागतात, आणि सायकलिंगनं त्या लिहिल्यात. सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कुणी पडला, तर तो ज्या गटात होता त्या गटाचीच वेळ त्याला मिळते. थांबा, थांबू नका, हा वादच नाही. २०२५पासून फुटबॉलसारखी पिवळी कार्डंही आलीत. धोकादायक सायकल चालवली की कार्ड. एकाच स्पर्धेत दोन कार्डं मिळाली की बाहेर, वर सात दिवसांची बंदी. जिथं हाडं मोडतात, तिथं 'समजून घ्या' म्हणून भागत नाही.

क्रिकेटमधलं उदाहरण तुमच्या जवळचं आहे. डिसेंबर १९४७मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी बॉल टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढं निघालेल्या बिल ब्राऊनला रनआऊट केलं. ते नियमात बसत होतं. तरी पुढची कित्येक दशकं दोष बॉलरचाच मानला गेला. त्या प्रकाराला मंकड यांचंच नाव चिकटलं. सुनील गावसकर यांनी त्या शब्दाला वेळोवेळी आक्षेप घेतलाय. सप्टेंबर २०२२मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्मानं चार्ली डीनला तसंच बाद केलं, तेव्हा पुन्हा तोच गलका झाला. त्याच वर्षी एमसीसीनं हा प्रकार 'अनुचित खेळ'च्या कलमातून काढून साध्या रनआऊटच्या कलमात टाकला. क्रीज सोडून चोरटी धाव घ्यायला निघालेला सभ्य आणि त्याला पकडणारी असभ्य, असं सांगणारा अलिखित नियम किती वर्षं चालला बघा. सभ्यता कशाला म्हणायचं हे ठरवणारे कोण होते, हा प्रश्न विचारायला आपण उशीर केला.

आता हा खेळ आपल्या दारात

हे सगळं आत्ताच का, असं विचाराल. कारण यंदाच्या १९ ते २३ जानेवारीला पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयच्या २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटरची ही बहुटप्पी शर्यत. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती अशा आपल्या ओळखीच्या नावांच्या रस्त्यांवरून जगभरातले रायडर्स धावले. महाराष्ट्राला सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे शर्यत जुनी आहे आणि बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायची आपली स्वतःची रीत आहे. पण पेलोटॉन, संघाचे डावपेच, टप्पे असा सगळा मांड आपल्या पोरांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला.

आणि पहिल्याच टप्प्यात अरुंद रस्त्यावर मोठी पडापड झाली. एक आदळला, त्याच्यावर दुसरा, मग पुढं नुसता सायकलींचा ढीग. शर्यत काही वेळ थांबवावी लागली. तो व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल. खाली कॉमेंट काय होत्या? 'आपले रस्तेच तसले' इथपासून 'यांना सायकल येत नाही' इथपर्यंत. तिथं थांबण्याचा निर्णय अधिकाऱ्यांचा होता, म्हणजे छापलेल्या पुस्तकातला. तो बरोबरच. पण पुढं आपल्याकडं अशा शर्यती वाढतील, आपल्या जिल्ह्यातली पोरंपोरी त्यात उतरतील. तेव्हा न छापलेलं पुस्तकही त्यांना कुणीतरी द्यावं लागेल. ते युरोपातून जसंच्या तसं आणायचं, की त्यातली पानं निवडून घ्यायची?

मला विचाराल तर निवडून घ्यायची. आणि निवडण्यासाठी मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवलेत. कॉलेजमध्येही ते चालतात, करून बघा.

पहिला प्रश्न : या नियमामुळं ताकदवानाला काही सोडावं लागतं का? विंगेगार्डनं पुढं जायची संधी सोडली. सिमिओनीच्या वेळी आर्मस्ट्राँगनं काय सोडलं? काहीच नाही. आपल्या हॉस्टेलवर 'सिनियरसमोर बसायचं नाही', 'सिनियरची असाइनमेंट ज्युनियरनं लिहायची' असे 'अलिखित नियम' असतात ना? त्यात सिनियर काय सोडतो?

दुसरा प्रश्न : हा नियम चारचौघांत मोठ्यानं सांगता येतो का? 'पडलेल्यासाठी थांबायचं' हे माइकवर सांगता येतं. 'आतलं बाहेर बोलायचं नाही' हे फक्त कानातच सांगतात. जो नियम कानातच सांगावा लागतो, तो बहुतेक वेळा कुणालातरी वाचवण्यासाठी नाही, काहीतरी लपवण्यासाठी असतो.

तिसरा प्रश्न : ओळीत सगळ्यात मागं असलेल्याला तो लागू आहे का? इथं जगातला सगळ्यात मोठा घोळका नापास होतो. आणि आमची सात-आठ मुलींची ओळ, जिला गिअरही नव्हते, ती पास होते. कारण आमच्यात चेन कुणाचीही पडो, सगळ्या थांबायच्या. एवढंच की तेव्हा डबा लावलेला नव्हता. डबा लागला त्या दिवशी मी नापास झाले.

फोन

हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्या मैत्रिणीला फोन केला. ती आता पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे पाचला मैदानावर असते. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. सोबतच्या मुलींसोबत पळते. जागा मोजक्या, म्हणजे ज्या सोबत पळतात त्याच एकमेकींच्या स्पर्धक. तरी जिचा वेग चांगला ती पुढं पळते आणि बाकीच्यांना आपल्या वेगानं ओढते. दुसऱ्या दिवशी दुसरी. एखादीचा पाय मुरगळला तर तिला धरून कडेला नेतात, मग पुन्हा पळायला लागतात. मी म्हटलं, अगं, हेच तर पेलोटॉन! ती म्हणाली, "ते काय असतंय?"

मग मी डब्याचा विषय काढला. सहा वर्षांनी. म्हटलं, तुझी चेन पडली तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं का?

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चेन माझीच ढिली होती गं. आदल्या दिवशी टाईट करायची राहिली. रेसमध्ये तू कशाला थांबायलीस? मी पण नसते थांबले कदाचित."

मला हायसं वाटलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण रेस संपल्यावर तू डबा घेऊन सरळ घरी गेलीस. मी तिकडं फाट्याच्या रस्त्यावर एकटी चेन बसवायली होते. तू परत मागं आली नाहीस. ते मात्र लागलं मला."

या बाजूनं मी कधी विचारच केला नव्हता. सहा वर्षं मी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. थांबायचं की नाही यावर जगातले मोठमोठे सायकलपटूही एकमत करू शकले नाहीत, आणि बहुधा करणारही नाहीत. शर्यतीच्या त्या दोन सेकंदांत माणसाकडून चूक होऊ शकते. पण शर्यत संपल्यावर मागं जायला कुणी अडवलेलं नसतं. कोन्टाडोरला त्या रात्री माफीचा व्हिडिओ टाकावासा वाटला, तो बहुधा याचसाठी.

पुढच्या आठवड्यात हिंगोलीला जातेय. पहाटे पाचला मैदानावर जायचं ठरलंय. ८०० मीटर मला काही झेपणार नाही, पण तिच्या मागं मागं पळून बघेन. जाताना डबा घेऊन जाणार आहे. बेसन आईनं दुसरीकडं काढून ठेवलंय.

तुमच्याही आयुष्यात अशी एखादी पडलेली चेन असेल, तर फोन लावा. उशीर झाला तरी लागतो.